चार वाजून पस्तीस मिनिटं

दुपारच्या दुधाला बावीस पेले भरले होते. एकवीस रिकामे झाले आणि एक तसाच राहिला, वर साय धरून.

मी आधी फार मनावर घेतलं नाही. एकेचाळीस वर्षं प्राथमिक शाळेत काढलेल्या बाईला, एक मूल कमी भरलं की ते कुठे सापडतं हे पाठ असतं. न्हाणीघरात, जिन्याखाली, नाहीतर कुणाशी तरी कट्टी घेऊन पलंगाखाली. स्वयंपाकाच्या काकूंना मी म्हटलं, "राहू द्या पेला. आमचे वकीलसाहेब येतील रुसवा संपला की."

वकील म्हणजे तिसरीतली, आठ वर्षांची एक मुलगी. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटात उरलं होतं. तिला काही सांगायची सोयच नव्हती, लगेच उलटतपासणी. "जेवताना बोलू नये" म्हटलं की, "मग मीठ कमी असेल तर कसं सांगायचं?" रात्री "झोपा आता" म्हटलं की, "झोप नाही आली तर कुणाकडे तक्रार करायची?"

दहा मिनिटांनी काकू परत आल्या. हाताला पीठ तसंच होतं. "बाई, न्हाणीघरात नाही. जिन्याखाली नाही. गच्चीला कुलूप आहे. चपला नाहीत तिच्या."

चपला नाहीत म्हटल्यावर मी फाटकाशी धावले.

आम्ही होतो परदेशात. त्या देशात आपल्याकडची पुष्कळ माणसं कारखान्यांत कामाला आहेत. कारखाने शहरापासून लांब, राहायला एकेका खोलीत सहा-सहा बायका, आणि तिथे मुलांना ठेवू देत नाहीत. म्हणून आपल्याच लोकांच्या एका मंडळाने शहरात मुलांसाठी वसतिगृह काढलेलं. आईबाप महिन्याच्या शेवटच्या रविवारी बसने येऊन भेटून जायचे. या मुलांना तीन महिने शिकवायला कुणी सेवाभावी माणूस हवं, असं पत्रक माझ्या हाती पडलं आणि मी नाव दिलं.

घरी त्यावर मोठी सभा भरली होती. मुलगा म्हणाला, "आई, तू घरातल्या घरात चष्मा हरवतेस. परक्या मुलुखात काय करशील?" आमचे हे म्हणाले, "जाऊ दे तिला. एवढी वर्षं दुसऱ्यांची पोरं वळली, अजून हौस फिटली नाही." सुनेने औषधांच्या पुड्या बांधून प्रत्येकीवर वार लिहिला. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या घरातून दोऱ्याचं रीळ आणायला निघालं तरी तिघं विचारतात: कुठे, कशाला, किती वेळ. पोचलं की फोन, निघालं की फोन. सून तर फौजदारच. मला वाटलं, तीन महिने कुणी विचारणारं नसेल तर किती मोकळं वाटेल! पण फौजदाराचा हात लांब असतो. रोज दुपारी चारच्या सुमाराला तिचा फोन यायचाच. "आई, जेवलात का? गोळी घेतली का?"

वसतिगृहाचे व्यवस्थापक धावत अंगणात आले. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, म्हणून मुलं त्यांना किल्लीकाका म्हणत. एरवी किल्ल्यांचा खुळखुळाट ऐकला की मुलं हसायची. आज सगळी भिंतीला टेकून गप्प उभी होती.

"फाटक कुणी उघडं ठेवलं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी पदराचं टोक तोंडात धरलं. "भाजीची गाडी आली होती. दोनच मिनिटं..."

"दोन मिनिटांत पोर गेली, काकू! कुणाच्या हाती लागली तर तिच्या आईला काय तोंड दाखवू मी?"

ते पहारेकऱ्याला घेऊन मागच्या बागेकडे पळाले. काकू तिथेच पायरीवर बसल्या. मी वर वर्गात गेले. काय शोधत होते ते मलाही माहीत नव्हतं. मूल हरवलं की मी त्याच्या जागेवर जाऊन बघते, एवढीच सवय. वकिलाचं दप्तर बाकावर होतं. वर गणिताची वही, सकाळच्याच पानावर उघडी.

सकाळी आम्ही वेळेची बेरीज करत होतो. उदाहरण मुलांच्या ओळखीचं हवं, हे मी जन्मभर पाळत आले आहे. पुस्तकातले कोण कुठले प्रवासी आणि कुठल्या त्या गाड्या, मुलांचं मन लागत नाही. तेच "तुझा मामा" म्हटलं की मूल सावरून बसतं. माझ्या शाळेत मी कितीतरी आयांना उदाहरणात गावाला पाठवलं, बाजारात पाठवलं, विहिरीवर पाठवलं. त्या कुठेही गेल्या तरी संध्याकाळी घरीच असत. मुलंही हसत आणि घरी जाऊन आईला सांगत, "आज बाईंनी तुला बसमधून फिरवलं."

त्याच सवयीने मी सकाळी फळ्यावर लिहिलं होतं: "वकिलाची आई दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटांनी कारखान्यापाशी बसमध्ये बसते. बसला एक तास पंचेचाळीस मिनिटं लागतात. तर आई इथल्या थांब्यावर किती वाजता पोचेल?" बसच्या वेळा मी मुद्दाम काकूंना विचारून घेतल्या होत्या, उदाहरण खरं वाटावं म्हणून.

बहुतेकांनी उत्तर लिहिलं, तीन वाजून पंच्याण्णव मिनिटं. ही चूक मला प्रिय आहे. साठ मिनिटांचा तास सुटा करायला शिकवण्यात एक गंमत असते. मी त्या गमतीत रमले होते. वकिलाने हात वर केला. तिचं उत्तर आधीच तयार होतं.

"बाई, आज?"

तास संपत आला होता. मी फळा पुसत होते. "हो, आज," मी म्हटलं. "आण बघू वही." आणि तिच्या उत्तराला मोठी बरोबरची खूण करून "शाब्बास" लिहिलं.

आता त्या "शाब्बास"च्या खाली, तिच्या अक्षरात आणखी काही होतं.

"चालायला ४५ मिनिटं. बस लवकर आली तर ३० मिनिटं. निघायची वेळ ३.२०."

वेळेची वजाबाकी मी अजून शिकवलीच नव्हती.

तिची आई गेले दोन महिने आली नव्हती. एकदा रजा मिळाली नाही असा निरोप, दुसऱ्यांदा नुसताच "जमत नाही" असा निरोप. वडील जहाजावर, कधी उगवतील ते त्यांनाही माहीत नसायचं. दोन रविवार ही पोर फाटकाशी उभी राहून दुसऱ्यांच्या आया मोजत होती. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी उदाहरणाला मला तिचीच आई सापडली.

मी वही घेऊन खाली आले. किल्लीकाका बागेतून रिकाम्या हातांनी परतत होते.

"काकूंना बोलू नका," मी म्हटलं. "तिला मी पाठवलंय. हे बघा."

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं ओरडतील. ते हळू म्हणाले, "मध्ये मोठा रस्ता आहे, बाई. मालट्रक असतात." मग एकदम सावरून, "गाडी धान्याला गेलीय. मी पोलिसांना कळवतो आणि गाडी वळवून थांब्यावर येतो. तुम्ही चालत सुटा. वाटेत दिसली तर बघा."

चार वाजायला पंचवीस मिनिटं होती.

माझे गुडघे एरवी जिना उतरताना कुरकुर करतात. त्या दिवशी त्यांना कुणी विचारलंच नाही. रस्ता सरळ होता, पण दोन्ही बाजूंना गल्ल्या, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मी थांबून आत बघत होते. निळा गणवेश. निळं काहीही दिसलं की मी तिकडे वळत होते. एक निळी बादली. एका दुकानाचं निळं फडकं. पदपथाच्या कडेला एक चप्पल पडली होती, ती मी चक्क उचलून पाहिली. मोठ्या माणसाची होती. मी ती जागच्या जागी नीट ठेवली, का कोण जाणे.

फोन वाजला. मला वाटलं किल्लीकाका. सूनबाई होत्या. मी तोडला. पुन्हा वाजला. पुन्हा तोडला. बंद करायची सोय नव्हती, पोलिसांचा फोन आला तर? मग मुलाचा आला. मग आमच्या ह्यांचा. हे स्वतःहून फोन लावतात म्हणजे घरात केवढा गोंधळ उडाला असेल. शेवटी नातवाचा संदेश आला: "आजी तू कुठे आहेस. सगळे माझ्यावर ओरडतायत." त्याच्यावर का ओरडत होते देव जाणे. दहा मिनिटं फोन उचलला नाही म्हणून एका म्हातारीला घरभर माणसं शोधत होती, आणि त्या पोरीला शोधायला रस्त्यावर मी एकटी.

मोठ्या रस्त्यापाशी आले. सहा पदरी रस्ता, आणि मालट्रक असे चाललेले की पायाखालची फरशी थरथरत होती. सिग्नल होता, पण त्याला कुणी जुमानत नव्हतं. कडेला एक झाडूवाली बाई कचरा गोळा करत होती. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. मी माझ्या कमरेच्या वर हात धरून उंची दाखवली, अंगावरच्या साडीतली निळी किनार दाखवली. तिने मान डोलावली. मग झाडू खाली ठेवला, ताठ उभी राहिली, एक हात सरळ वर केला आणि तसाच वर ठेवून दोन पावलं चालून दाखवली. मग हसली आणि रस्त्यापलीकडे बोट केलं.

वर्गात बोलायची परवानगी मागतात तसा हात वर करून ती पोर मालट्रकांसमोरून गेली होती.

मीही हात वर केला आणि गेले. कुणीतरी जोरात भोंगा वाजवला.

थांब्यावर ती शेवटच्या बाकावर बसली होती, पाय हलवत, समोरच्या घड्याळावर नजर. सव्वाचार झाले होते. मला पाहून तिला आनंदच झाला.

"बाई, तुम्ही पण आलात? बसा. अजून वीस मिनिटं आहेत."

मी बसले. तिला दोन धपाटे घालावेत की पोटाशी धरावं ते कळेना. मी काहीच केलं नाही, किल्लीकाकांना फक्त कळवलं की सापडली. मग म्हटलं, "चल, आपण परत जाऊ. सगळे शोधताहेत."

"आई आली की जाऊ ना तिघी."

"अगं, ते फक्त गणित होतं..."

"बरोबर आहे गणित. तुम्हीच खूण केलीत." तिने मला धीर दिला. "काळजी करू नका."

तिथेच सांगायला हवं होतं. मला ते माहीत होतं. पण आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेली बाई त्या बाकावर गप्प बसून राहिली. माझ्या मनाने एक खुळं काम सुरू केलं होतं: कदाचित येईलही. का येऊ नये? बस तर खरीच आहे.

फोन थरथरला. सून.

"कोण आहे?" वकिलाने विचारलं.

"माझ्या घरचे."

"उचला ना मग. त्यांना वाटेल तुम्ही हरवलात."

मी उचलला. पलीकडून तिघं एकदम बोलत होती. सून म्हणाली, "आई! अहो किती फोन केले! बरं आहे ना?" मागून हे ओरडत होते, "आधी विचार, उभी आहे का आडवी!" मी म्हटलं, "बरी आहे. एका मुलीबरोबर बसले आहे. नंतर सांगते." "नक्की ना? मी अर्ध्या तासाने परत करते," सून म्हणाली. नेहमी मी म्हणते, नको गं सारखं सारखं. आज म्हटलं, "कर."

फोन ठेवला आणि मला एकदम काहीतरी दिसलं, म्हणजे घरचा दरवाजाच दिसला. त्या दरवाजाकडे बघत मी हजारदा वाट पाहिली असेन. मुलाची शाळेतून, ह्यांची कचेरीतून, सुनेची कामावरून. उशीर झाला म्हणून चिडले, भाजी दोनदा गरम केली, आल्यावर तोंडसुख घेतलं. पण ती माणसं येणारच होती. पासष्ट वर्षांत मी एकदाही, येईल की नाही हे ठाऊक नसलेल्या माणसाची वाट पाहिली नव्हती. एवढं मोठं सुख रोज जेवणाच्या ताटासारखं पुढ्यात येत होतं आणि मी त्याला जाच म्हणत होते. शेजारी आठ वर्षांची पोर पाय हलवत होती. तिने एवढ्यातच ती दुसरी वाट पाहायला शिकून घेतली होती.

बस चार एक्केचाळीसला आली.

वकील उठून पुढच्या दाराशी उभी राहिली. माणसं उतरू लागली. एक म्हातारा, दोन पोती घेतलेली बाई, तीन तरुण पोरं, एक कडेवर बाळ असलेली. प्रत्येक पाय पायरीवर आला की ती मान वर करून चेहरा बघे. मग माणसं संपली. ती मागच्या दाराकडे गेली. तिथेही संपली. ती दारातूनच वाकून बाकांखाली बघू लागली तेव्हा चालकाने हाताने "रिकामी आहे" अशी खूण केली आणि दारं बंद झाली.

ती परत येऊन बाकावर बसली. रडत नव्हती. कपाळाला आठ्या होत्या, वर्गात असतात तशा.

"बस सहा मिनिटं उशिरा आली," ती म्हणाली. "पण आई नव्हती. माझं उत्तर चुकलं का?"

"नाही. तुझं उत्तर बरोबर आहे." मी म्हटलं. "प्रश्न खोटा होता. तो मी बनवला. आई बसमध्ये बसलीच नव्हती."

"तुम्ही आज म्हणालात."

"म्हणाले. विचार न करता म्हणाले. चूक माझी आहे, तुझी काही नाही."

मला वाटलं, आता ही माझ्यावर कधी विश्वास ठेवणार नाही, आणि बरोबरच आहे.

"मग आई खरी कधी येणार?"

"मला माहीत नाही."

"विचाराल?"

तेवढ्यात किल्ल्यांचा आवाज आला. व्यवस्थापक धापा टाकत आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड फिरवून उभे राहिले. मी म्हटलं, "हिच्या आईचा नंबर लावा. आत्ता."

"फोनचा वार शुक्रवार आहे, बाई. नियम..."

"आज नियम माझ्या डोक्यावर फोडा."

त्यांनी लावला आणि फोन वकिलाच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"आई? मी. नाही, काही झालं नाही. वर्गात आहे. बाईंनी लावून दिला, मला गणितात शाब्बास मिळालं म्हणून. हो, दूध प्यायले. तू बरी आहेस?"

आम्ही दोघं म्हातारी माणसं एकमेकांकडे बघू शकलो नाही. पुढे ती काही ऐकत राहिली, मग फोन माझ्यापुढे केला. "तुम्हाला दे म्हणतेय." आणि डोळ्यांनी मला बजावलं, सांगू नका.

"बाई," पलीकडून बारीक आवाज आला, "मागे बसचे आवाज येतायत. कुठे आहे माझी पोर?"

मी वकिलाकडे पाहिलं. मग सगळं सांगितलं. फळा, चार पस्तीस, मोठा रस्ता, वर केलेला हात. काही लपवलं नाही.

"माझाच दोष आहे," ती म्हणाली. "मला रजा मिळत होती, बाई. मीच आले नाही. उजवा हात यंत्रात सापडला. बोटं आहेत, पण वाकत नाहीत. एवढं मोठं बांधलंय. ती बघेल, प्रश्न विचारेल... मी म्हटलं, बरा होऊ दे आधी."

"दोन महिने?"

"डॉक्टर म्हणाले महिन्यात बरा होईल. झाला नाही."

"ताई," मी म्हटलं, "ती तुम्हाला फसवायला शिकलीय, तुम्ही तिला. मी तर दोघींच्या वर कडी केली. आता पुरे. ती रडेल. पण तुमच्यासमोर रडू दे. या रविवारी या."

"तुम्ही सांगा ना तिला. माझ्याने नाही व्हायचं."

"नाही. आज मी तुमच्या नावाने एकदा बोलले आहे, तेवढं बास."

मी फोन परत दिला. वकील ऐकू लागली. तिचे पाय हलायचे थांबले. खालचा ओठ तिने दातांत धरला, आणि मग प्रश्न सुरू झाले, एकामागून एक, आईला श्वासही घेऊ न देता.

"कुठला हात? लिहायचा? कधी? मग मला का नाही सांगितलंस? दुखतो? रात्री पण? जेवतेस कशाने? डाव्या हाताने सांडत नाही?"

आणि मग, गालावरून पाणी ओघळत असताना, अगदी काळजीच्या आवाजात,

"मग तुझी वेणी कोण घालतं, आई?"